मदत हवी आहे: वर्कर थ्रेड गुपचूप मरतो आणि बिलांचा प्रोग्राम संपतच नाही (पायथन)

हिशेबवाली:
नमस्कार मंडळी. मी काळाचौकीला राहते, घरूनच सोसायट्यांचे हिशेब बघते. शिक्षण बी.कॉम., पायथन लॉकडाउनमध्ये शिकले. चूक बाळबोध असली तर हसा, पण सांगा.

दर महिन्याला मेंटेनन्सची बिलं काढायची असतात. एक्सेलमधून फ्लॅट वाचायचा, सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, थकबाकीवर व्याज (आदर्श उपविधींच्या मर्यादेत, सरळव्याज), मग पीडीएफ करून मेल. एकेक करत बसलं तर अख्खी दुपार जाते, म्हणून चार वर्कर थ्रेड केले, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी राबणारे चार कामगार. सगळे फ्लॅट क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाकते, थ्रेड तिथून उचलतात. शेवटी क्यूवर जॉइन, म्हणजे सगळी कामं झाल्याची खबर येईपर्यंत थांबायचं. ते सुटलं की ‘सगळी बिलं गेली’ अशी पाटी यायला हवी.

ती येत नाही. परळच्या सोसायटीत १३२ पैकी १३१ बिलं गेली आणि प्रोग्राम नुसता बसून. शिवडीला ९० पैकी ४७ वर अडकला. एरर म्हणाल तर काहीच दिसत नाही. डबल क्लिकने उघडावा आणि काळी खिडकी येऊ नये म्हणून फाइलला पीवायडब्ल्यू एक्स्टेन्शन दिलंय.

दुसरं दुखणं ‘थांबवा’ बटणाचं. दाबलं, खिडकी बंद केली, तरी टास्क मॅनेजरमध्ये पायथन ठाण मांडून. कुठेतरी वाचून थ्रेड डेमन केले, म्हणजे मुख्य प्रोग्राम संपला की तेही जागच्या जागी बंद. आता लगेच बंद होतो, पण पीडीएफ अर्धवट राहतात. त्यात माझी हुशारी अशी की फाइल आधीच असेल तर नवी बनवायची नाही, तीच मेल करायची. परवा एका सेक्रेटरी काकांचा फोन: “मॅडम, बिल उघडत नाही, पण उशीर झाला तर व्याज मात्र लावाल!”

काही ठिकाणी नळांचा आकडा मराठीत ‘२’ असा टाइप केलाय. इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) त्यावर फुटत असेल का? आणि थ्रेडला सरळ मारायचं एखादं फंक्शन असतं का?

खटपट्या:
‘२’ निर्दोष आहे. पायथनचा इंट देवनागरी आकडे निमूट वाचतो, करून बघा. फुटतो तो रिकाम्या सेलवर किंवा ‘-’ वर.

बाकी उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. वर्करमध्ये एरर आली की तेवढा थ्रेड मरतो, मुख्य थ्रेडला पत्ताही लागत नाही. ट्रेसबॅक (एरर कुठे आली त्याची नोंद) काळ्या खिडकीत छापला जातो, आणि ती खिडकी तर तुम्ही काढून टाकलीत. १३१ म्हणजे एक वर्कर गेला, उरलेल्या तिघांनी काम उरकलं. पण गेलेल्याने उचललेल्या फ्लॅटचं टास्क_डन (‘हे काम झालं’ अशी क्यूला खबर) झालंच नाही, म्हणून जॉइन ताटकळतंय. ४७ म्हणजे चौघेही आडवे आणि बाकीचे फ्लॅट क्यूतच पडून.

ट्राय (एरर पकडायची सोय) लूपच्या आत घ्या, एकेका फ्लॅटपुरता. एरर फ्लॅट नंबरासकट लॉगच्या (नोंदींच्या) फाइलीत लिहा. टास्क_डन फायनलीमध्ये, तो भाग एरर आली तरी चालतोच. पायथन ३.८ पासून थ्रेडिंगमध्ये एक्सेप्टहुक आहे (न पकडलेल्या एररने थ्रेड मेला की तो चालतो), तोही लॉगकडे वळवा, म्हणजे ट्रायच्या बाहेर फुटलेलं कळेल.

मारायचं फंक्शन नाही, आणि नाही तेच बरं. जावा भाषेत स्टॉप होतं. १९९८ सालच्या १.२ आवृत्तीपासून ते वापरू नका म्हणून सांगतात, कारण थ्रेड हातातलं काम अर्धवट टाकून जातो. तुमच्या पीडीएफचं डेमनने तेच झालंय. इव्हेंट (सगळ्या थ्रेडना दिसणारी खूण) वापरा. बटणाने तो सेट करायचा, वर्करने दर फ्लॅटआधी तो बघायचा.

बिनधास्त:
एवढं कशाला? ट्राय, खाली एक्सेप्ट, त्यात पास, म्हणजे एरर आली तर काहीच न करता पुढे. माझ्याकडे दोन वर्षं चालतंय.

खटपट्या:
चालतंय, की मेलेलं दिसत नाहीये? पास टाकलं तर यांची पाटी झळकेल आणि एका माणसाला बिलच जाणार नाही. आत्ता अडकतोय म्हणून निदान कळलं तरी.

हिशेबवाली:
खटपट्या, धन्यवाद! पण नवीनच सुरू झालं. क्यूतून फ्लॅट उचलणाऱ्या गेटला १ सेकंदाचा टाइमआउट दिला, आता टास्क_डन जास्त वेळा बोलावलं म्हणून एरर येते. शिवाय बटण दाबल्यावर २० सेकंद काहीच होत नाही. दोन मेलांमध्ये तेवढी स्लीप ठेवलीय, नाहीतर मेलवाले अडवतात.

स्लो_लोकल:
गेट ट्रायच्या आत घेतलंत ना? क्यू रिकामी म्हणून गेट परतलं तरी फायनली चालतंच, आणि न उचललेल्या फ्लॅटचं टास्क_डन होतं. गेट बाहेर काढा, त्याला स्वतःचा छोटा ट्राय द्या.

स्लीप म्हणजे विरार फास्ट, चढलात की मधे उतरता येत नाही. तिच्या जागी इव्हेंटचं वेट टाका, २० सेकंदांचं. एरवी तेवढंच थांबेल, बटण दाबलं की त्याच क्षणी जागं होईल. मेल सर्व्हरच्या कनेक्शनलाही टाइमआउट द्या, नाहीतर नेट गेल्यावर थ्रेड तिथेच लटकेल.

आणि हे चुकेल म्हणून आधीच सांगतो: क्यूचं जॉइन वेगळं, थ्रेडचं जॉइन वेगळं. पहिलं काम संपायची वाट बघतं, दुसरं कामगार घरी जायची. ‘थांबवा’ दाबल्यावर क्यूत फ्लॅट उरणारच, तेव्हा क्यूचं जॉइन जन्मात सुटणार नाही. तिथे थ्रेडचं लावा. तेही बटणाच्या फंक्शनमध्ये नको, खिडकी गोठेल.

पीडीएफ आधी टीएमपी (तात्पुरत्या) नावाने लिहा, पूर्ण झाली की ओएस.रिप्लेसने खरं नाव द्या. खरं नाव दिसलं म्हणजे फाइल अख्खी.

हिशेबवाली:
झालं! डेमन काढून टाकलं. बटण दाबलं की चौघेही हातातलं बिल पुरं करून थांबतात.

लॉग बघून कपाळाला हात लावला. परळला एका फ्लॅटपुढे ‘-’ होतं. शिवडीला ए विंगनंतर सहा दुकानांचे गाळे लिहिलेत, त्यांना नळच नाही, सेल रिकामे. पहिल्या चार गाळ्यांनीच माझे चारही वर्कर लोळवले. आता रिकामं म्हणजे शून्य असं धरत नाही, तसा फ्लॅट वेगळ्या यादीत टाकून पाटीवर दाखवते: ‘८४ गेली, ६ तपासा’.

काकांना नवं बिल पाठवलं. उघडलं. आता म्हणतात व्याज चुकलंय. त्यासाठी वेगळा धागा काढते.