उत्तर: पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?
दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ मोठं दिसेल असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका, हे वर कुणीतरी लिहिलंय ते अगदी खरं. ७६ मिमी व्यासाच्या आरशाकडून फार तर दीडशे पट निघतं, तेही हवा स्थिर असेल तर. पुढे चित्र नुसतं मोठं आणि गढूळ होतं.

पण घेतलेली दुर्बीण पावसाळ्यात ठेवायची कुठे, यावर कुणीच बोललेलं नाही. मी माझी ११४ मिमीची न्यूटोनियन (आरसा वापरणारी दुर्बीण) जूनमध्ये रेक्झिनच्या पिशवीत घालून कपाटावर टाकली ती थेट दिवाळीत काढली. आयपीसच्या (डोळा लावून बघायच्या भिंगाच्या) काचेवर कोळ्याचं जाळं असावं तशी बुरशी! पुसून गेली, पण काचेवरच्या कोटिंगवर (पातळ लेपावर) डाग राहिला तो राहिलाच. आता आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओलावा शोषून रंग बदलणारं सिलिका जेल. रंग उतरला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरतो (घरच्यांची बोलणी खाऊन, जुन्या कढईत).

आणि वांगणीहून (मुंबईजवळचं आकाशदर्शनाचं ठिकाण) पहाटे दवाने ओली झालेली दुर्बिणीची नळी आणली, की लगेच झाकण लावू नका. तोंड खाली करून खोलीत वाळू द्या. आरसा रुमालाने पुसायचा मोह तर अजिबात नको.