मदत हवी आहे: गायरान वाचवायचंय, पण कडेची पाच कुटुंबं न उठवता

माळकरी:
आमच्या गावाला लागून साठेक एकरांचा माळ आहे. सातबाऱ्यावर नाव सरकारचं, इतर हक्कात गुरचरण. गेल्या चार वर्षांत शेजारच्या एका बागायतदारानं बांध सरकवत सरकवत त्याचा मोठा तुकडा नांगराखाली घेतला. आधी कुणी बोललं नाही, 'दोन सऱ्यांनी काय होतंय!' यंदा त्यानं तारेचं कुंपण घातलं आणि पाणवठ्याकडं जाणारी गुरांची वाटच बंद झाली. तेव्हा कुठं गाव जागं झालं.

आता वीसेक घरं एकत्र आहोत. पुढाकार बायकांचा, कारण शेळ्या घेऊन लांबचा वळसा त्यांनाच पडतो. ठराव मांडायला ग्रामसभेत गेलो, तर गणपूर्ती नाही, म्हणजे पुरेशी माणसं आली नाहीत, म्हणून सभा तहकूब.

पण खरी अडचण वेगळीच आहे. माळाच्या उत्तरेला पाच भूमिहीन कुटुंबं मी लहान होतो तेव्हापासून कसून खातायत. बागायतदार त्यांच्या दारात जाऊन सांगून आला, 'माझं निघालं तर तुमचंही निघणार.' झालं, पाचातली तीन घरं आमच्या बैठकीला यायची बंद झाली. त्यांना दोष कसा देऊ? गावच्या सामाईक जमिनींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्याच वर्षीचा १२ जुलैचा शासन निर्णय मीही चाळलाय. दोन्हींत अतिक्रमणं काढाच म्हटलंय.

तर, तक्रार एकट्या बागायतदाराविरुद्ध करता येते का? मोजणी कुणी मागायची? आणि त्याचा मुलगा ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यामुळं सरपंच हात वर करतात. त्याचं काय करावं?

जुना नकाशा:
निकाल अर्धाच वाचलात. त्यात शेवटी अपवाद आहे: सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर अतिक्रमण नियमित, म्हणजे कायदेशीर, करता येतं. आपल्याकडं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णयही आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० दरम्यान मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करण्यासाठी तो काढला होता. पण नुसतं 'आजोबा कसत होते' सांगून भागत नाही, कागद लागतो. गाव नमुना १-इ, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तिची जुन्या वर्षांची नक्कल तलाठ्याकडं मागा. दंडाच्या जुन्या पावत्या घरोघरी शोधायला लावा. गंमत बघा, ज्या वहीत नाव आलं म्हणून लोक घाबरतात, तीच वही त्यांच्या बाजूनं बोलते.

मोजणी ग्रामपंचायतीनं भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडं मागावी. ती मागत नसेल तर तहसीलदारांना निवेदन द्या, कारण जमीन शेवटी सरकारची आहे. तक्रारीत गट नंबर, कुंपणाची तारीख, फोटो आणि बंद झालेली वाट एवढंच लिहा. 'सर्व अतिक्रमणं हटवा' हे वाक्य चुकूनही नको. अतिक्रमण काढण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम ५० नुसार जिल्हाधिकाऱ्यांचा. पाच कुटुंबांचा नियमितीकरणाचा अर्ज आधी पोचवा, पोच घ्या, मगच तक्रार टाका. उलटं केलंत तर बागायतदाराचं म्हणणं खरं ठरेल.

ग्रामसभा_प्रेमी:
मुलाबद्दल सांगतो. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली अपात्र ठरतो. 'अतिक्रमण वडिलांचं, माझं नाही' ही पळवाट सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात बरीच अरुंद केली. मात्र हे हत्यार पहिल्याच दिवशी उपसू नका, नाहीतर माळ बाजूला राहील आणि गावात निवडणुकीचं भांडण सुरू होईल. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! पुढची तारीख गाठा, ठराव शब्दशः लिहून न्या.

माळकरी:
दोघांचेही आभार. आज तलाठी कार्यालयात बसून जुन्या वह्या पाहिल्या. चार कुटुंबांच्या नोंदी सापडल्या, सगळ्यांत जुनी १९८३ ची. रुसलेल्या तीन घरांपैकी दोन संध्याकाळी बैठकीला आली.

पाचवं कुटुंब मात्र १९९४ ला आलेलं निघालं. त्यांच्यासाठी काही वाट आहे का? ते कळेपर्यंत तक्रार थांबवायची असं बायकांनी ठरवलंय.