बिंब राजा नेमका कोणता? मुंबईच्या जुन्या इतिहासाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या जुन्या काळावर वाचनालयात शाळकरी मुलांसमोर बोलायचं आहे, त्याची टिपणं काढतोय. फिरंगी (पोर्तुगीज) आणि इंग्रजी अंमलाचा भाग सरळ आहे. 1534चा वसईचा तह, 1661मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मिळालेलं आंदण, 1668मध्ये वर्षाला 10 पौंडांवर कंपनीला मिळालेलं बेट. गाडी अडली आहे ती त्याच्या आधी, बिंब राजापाशी.

आख्यायिका तर सांगणारच. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने वाळूचं शिवलिंग केलं तो वाळकेश्वर, त्याने बाण मारून पाणी काढलं ती बाणगंगा. मुंबारक दैत्याला नमवणारी अष्टभुजा मुंबादेवी आणि तिला पुजणारे कोळी. (हा मुंबारक म्हणजे दिल्लीचा मुबारक खिलजी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर या कथेत चौदाव्या शतकातल्या स्वारीची आठवण आहे, म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो.)

आता मुख्य अडचण. महिकावतीची (म्हणजे माहीमची) बखर ही उत्तर कोकणाची जुनी मराठी बखर. तिच्याप्रमाणे प्रतापबिंब शके 1060 म्हणजे इ.स. 1138च्या सुमारास गुजरातेतून उत्तर कोकणात उतरला आणि माहीमला त्याने राजधानी केली. दुसरी परंपरा सांगते की बिंब म्हणजे देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा भीमदेव. अल्लाउद्दीनच्या स्वारीनंतर तो कोकणात आला आणि त्याच्याबरोबर प्रभू, पाचकळशी, पळशे अशी कुळं आली. दोघांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे आणि पुष्कळ लिखाणात दोघांची सरमिसळ झालेली दिसते. प्रभादेवी एकाने आणली, बाबुलनाथ दुसऱ्याने बांधला, असं काहीही वाचायला मिळतं.

त्यात परळचा शिलालेख. शके 1108 (इ.स. 1187), उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचा राजा अपरादित्य. वर सूर्यचंद्र, मध्ये लेख, खाली गधेगाळ (दान मोडणाऱ्यासाठी कोरलेलं गाढव आणि बाई यांचं शापचित्र), आणि दान मोडणाऱ्याला अस्सल मराठीत घातलेली शिवी. मुलांसमोर ती वाचता येणार नाही, पण या बेटांवर तेव्हा मराठी बोलली जात होती याचा याहून जिवंत पुरावा मला माहीत नाही. प्रश्न असा की 1187मध्ये परळला शिलाहारांची सत्ता असेल, तर शेजारी माहीमला बिंबांचं राज्य बसतं कसं? मांडलिक होते म्हणावं, की बखरीतले शक चुकले म्हणावं?

बखर टाकून द्यायला मन होत नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1924 साली छापलेल्या त्या पोथीचा एक भाग 1448चा आहे. मालाडच्या नायकोरावाला देवी स्वप्नात येऊन महाराष्ट्रधर्म राखायला सांगते, तो प्रसंग त्यातलाच. इतक्या जुन्या मराठीत आपल्याच मुलखाबद्दल, गावांची आणि कुळांची नावं घेऊन कुणी लिहून ठेवलं आहे. शकांत गोंधळ असला तरी आठवण पोकळ नसावी, असं मला मनापासून वाटतं.

तर जाणकारांना विचारायचं आहे ते असं. बिंबाचं नाव असलेला समकालीन ताम्रपट किंवा शिलालेख कुठे छापला गेला आहे का? मालाडच्या वतनाचा एक फारसी कागद आहे, त्यात शके 1221मधला रामदेवाचा मुलगा ‘बिंबशहा’ येतो. पण कागद नंतरचा आहे, त्यावर कितपत विसंबावं? आणि बखरीतली महिकावती दर वेळी मुंबईचं माहीमच समजायची, की काही ठिकाणी पालघरजवळचं केळवे-माहीम?

बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवरची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरची) जहाजांची लढाई यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांची मानतात. तिची चित्रं मुलांना दाखवणार आहे. त्यावर वेगळं मत असेल तर तेही कळवा.

पाचकळशी किंवा पाठारे प्रभूंपैकी कुणाच्या घरी कुळाची जुनी वही असेल, तर त्यात बिंबाचा शक काय दिला आहे एवढं पाहून इथे लिहिलंत तरी मोठी मदत होईल.