सॅटेलाइटसाठी रोटेटर हवा आहे, गच्चीवर कसा बसवावा? (बजेट २५ हजार)

रत्नागिरी_हॅम: नमस्कार मंडळी. शाळेत हॅम (हौशी) रेडिओ क्लब चालवतो. १४५ मेगाहर्ट्झसाठी ३ आणि ४३५ साठी ७ एलिमेंटची (दांड्यांची) यागी अँटेना आहे, आजवर हातात धरूनच सॅटेलाइटचे पास (आकाशातून जाणाऱ्या फेऱ्या) घेतले. आता मुलांना वर्गात बसून पास ऐकवायचाय, म्हणून अझिमथ (आडवी दिशा) आणि एलिव्हेशन (वर-खाली कोन) दोन्हींत अँटेना फिरवणारा मोटरचा रोटेटर हवा. बजेट २५ हजार, वर एक रुपया नाही. समुद्र अगदी जवळ.

गच्चीवरचा_दादा: डोळे झाकून यासू जी-५५०० घे. अझिमथ ४५० अंश, एलिव्हेशन १८०. पास डोक्यावरून गेला तरी अझिमथला गरकन फिरावं लागत नाही, अँटेना सरळ पलीकडे झुकते. माझ्याकडे कित्येक पावसाळे झाले, एक तक्रार नाही.

रत्नागिरी_हॅम: दादा, बजेट २५ हजार.

गच्चीवरचा_दादा: वाचलं रे. थांब, पैसे साठव, पण घेशील तर हाच.

झिरोबीट: एलिव्हेशन लागतच नाही! यागी २० अंश वर करून पक्क्या बांध, खाली नुसता टीव्ही अँटेनाचा रोटेटर. आयएसएस (अंतराळ स्थानक) क्षितिजावर असताना दोन हजार किमीच्या पुढे असतं, डोक्यावर आलं की सव्वाचारशेच्या आसपास. म्हणजे अँटेना नेम चुकवते तेव्हाच सिग्नल सगळ्यात तगडा. छोट्या यागीचा बीम रुंद असतो, निभावतं. पैसे उरतील ते चांगल्या कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) घाल.

दहा_गिगा: क्यूओ-१०० सॅटेलाइट बघा की. २६ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. रत्नागिरीहून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, ३३ अंशांवर डिश लावली की काम झालं. ना मोटर, ना गंज.

झिरोबीट: त्याच्याकडे यागी आहेत हो. डाउनलिंक १० गिगाहर्ट्झ, अपलिंक २.४, सगळंच नव्याने घ्यावं लागेल.

मास्टवाला: सोसायटीची परवानगी घेतलीत का? मी हॅमचा परवाना दाखवला तरी आमच्या कमिटीने मास्ट (अँटेनाचा खांब) उतरवायला लावला.

रत्नागिरी_हॅम: शाळेची गच्ची आहे, मुख्याध्यापक पाठीशी आहेत.

नाशिक_७३: वानरांचं काय? आमच्या पाहुण्यांकडे कोकणात डिशवर लोंबकळतात.

खारा_वारा: वानरांपेक्षा खारा वारा वाईट. कुठलाही घे, पण बसवताना हे बघ. अझिमथ मोटर खाली, तिच्यावर आखूड पाइप, त्यावर एलिव्हेशन. पाइप जितका लांब तितका वारा मोटरच्या दातांवर येतो. आडवा बूम (यागी धरणारी दांडी) फायबरग्लासचा. लोखंडीच असेल तर एलिमेंट ४५ अंशांत वळवून X कर, नाहीतर अँटेनाचा पॅटर्न (कुठल्या दिशेचं किती ऐकते ते) बिघडतो. क्लॅम्प ढिला करून बूम हातानं फिरव: सोडशील तिथे राहिला पाहिजे. नाक खाली गेलं तर शेपटीला वजन बांध. कोॲक्सला सैल वळसा ठेव, आणि तो कनेक्टरच्या खाली जाऊ दे, म्हणजे पाणी तिथून गळतं. नटबोल्ट स्टेनलेस. अर्थिंग मास्टच्या बुडाशी.

नाशिक_७३: मीही हेच म्हणणार होतो. यासू घ्या आणि अर्थिंग करा.

कोथरूड_कीबोर्ड: मुलांना आयएसएसचं एसएसटीव्ही (रेडिओवरून येणारी चित्रं) दाखवायचं असेल तर १४५.८०० ला साधा व्ही-डायपोलही (दोन दांड्यांची V आकाराची अँटेना) चालतो. रोटेटर कशाला?

रत्नागिरी_हॅम: सगळ्यांचे आभार. मुलांना आरएस-४४ या सॅटेलाइटवर बोललेलंही ऐकवायचंय. ठरवलं: सॅटनॉग्ज या सॅटेलाइट ऐकणाऱ्यांच्या प्रकल्पाचा खुला आराखडा घेऊन रोटेटर मुलांकडूनच बनवून घेणार. गिअर शाळेच्या थ्रीडी प्रिंटरवर. एलिव्हेशनसकट.

गच्चीवरचा_दादा: प्लास्टिकचे गिअर, रत्नागिरीच्या पावसात? पैसे पाण्यात.

झिरोबीट: निदान पीएलए प्लास्टिक वापरू नकोस, उन्हात मऊ पडतं. एएसए घे.

रत्नागिरी_हॅम: एएसएच घेणार, वर पत्र्याचं झाकण. जीप्रेडिक्ट या सॅटेलाइटचा माग ठेवणाऱ्या प्रोग्रामवरून चालवणार. वर्गातली मुलं गिअर हातात घेऊन बघतील, ते विकतच्या बंद डब्यात नाही. आता एवढंच सांगा: मास्टला पाइप कोणता?

खारा_वारा: दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), बी क्लास (मध्यम जाडीचा). कठड्याला दोन क्लॅम्प, मध्ये हातभर अंतर.