मिळकत पत्रिका आणि किनारा नियमनाचा नकाशा एकत्र वाचा

मिळकत पत्रिकेवर (शहरी जमिनीच्या मालकीच्या नोंदीवर) धारक म्हणून सरकार असलं, की खाडीकाठची जागा बांधकामापासून आपोआप सुरक्षित, असा समज असतो. तसं नाही. पत्रिका मालकी सांगते. भरतीरेषा आणि कांदळवनं किनारा नियमनाच्या (सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांच्या) नकाशावर असतात. दोन्ही एकमेकांवर बसवल्याशिवाय प्रकल्पाविरुद्धच्या हरकतीत दम येत नाही.

त्यासाठी पत्रिकेवरच्या नगर भूमापन क्रमांकाच्या मोजणी नकाशाची प्रत काढा आणि किनारा नियमनाचा स्थानिक पातळीचा १:४००० नकाशाच मागा. १:२५,००० वर १ मिमी म्हणजे जमिनीवर २५ मीटर, म्हणजे रेघेच्या जाडीतच अख्खी इमारत मावते! १:४००० वर तेच ४ मीटर. नकाशे बसवताना झाडं किंवा कुंपण धरू नका. रस्त्यांचे कोपरे, जुने पूल असे किमान चार पक्के बिंदू दूरदूर घ्या. एकाच बाजूचे घेतले तर दुसरं टोक सरकतं, आणि समोरचा वकील नेमकं तेच दाखवतो.

मालकीही महत्त्वाचीच. केंद्राच्या २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत १००० चौ. मी.पेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा आहे, पण खासगी जमिनीला त्यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालात मात्र मालकी किंवा क्षेत्रफळ काहीही असो, ५० मीटरच. हरकतीत दोन्ही लिहा.

प्रकल्पाला जनसुनावणी लागू असेल तर ३० दिवसांची नोटीस मिळते. मोजणीची प्रत तेवढ्यात हाती येईलच असं नाही, म्हणून अर्ज आजच टाका.