लघवीत जंतू, पण त्रास काहीच नाही (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-५०४: सूनबाईला चौदावा आठवडा. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय नावाचे जंतू मिलीलीटरमागे १ लाखाच्या वर आलेत. जळजळ नाही, ताप नाही. तरी ७ दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय. बार्लीच्या पाण्यावर भागणार नाही का?

ए-२०३ (स्त्रीरोगतज्ज्ञ): नाही भागणार, काकू. एरवी मी तुमच्याच बाजूने बोलले असते. साठीच्या बाईला, मधुमेह असला तरी, असे मुके जंतू निघाले तर सहसा औषध देत नाहीत. गरोदरपणाचं वेगळं. या दिवसांत प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, उजवीकडे जास्त. लघवी वर तुंबते आणि मूत्राशयातले जंतू किडनीपर्यंत चढतात. औषध न घेतल्यास १०० पैकी २० ते ३५ जणींना किडनीचा संसर्ग होतो, घेतलं तर १ ते ४ जणींना. मग थंडी वाजून ताप, उलट्या, ॲडमिट होऊन सलाईन, आणि कळा लवकर सुरू होण्याची भीती.

सी-५०४: पण गेल्या महिन्यात लघवी तपासली होती की. नॉर्मल होती.

डी-१०१ (मायक्रोबायोलॉजी लॅब): ती 'युरिन रूटीन' असणार. त्यात साखर, प्रथिनं, पेशी बघतात, जंतू वाढवून बघत नाहीत. लघवीत बुडवायच्या पट्टीवरच्या नायट्राइटवरही (काही जंतू लघवीत बनवतात ते रसायन) विसंबू नका. ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात काही तास थांबावी लागते, आणि या दिवसांत सारखं जावं लागतं. एन्टेरोकॉकससारखे काही जंतू तर नायट्राइट बनवतच नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत किंवा १२ ते १६ आठवड्यांत चिठ्ठीवर 'कल्चर' लिहिलंय ना, ते बघून घ्यायचं.

बी-६०२: वहिनीच्या रिपोर्टवर 'मिक्स्ड ग्रोथ, रिपीट सॅम्पल' लिहिलंय. म्हणजे?

डी-१०१: एकापेक्षा जास्त प्रकारचे जंतू वाढलेत. बहुतेक वेळा बाहेरच्या त्वचेवरचे जंतू डबीत पडलेले असतात. औषध सुरू करण्याआधी सॅम्पल पुन्हा द्यायला सांगा, आणि असं:
हात साबणाने धुवा. जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवून कोरडी करा, डेटॉल-सॅव्हलॉन अजिबात नको, त्याने जंतू मरून रिपोर्ट खोटा येतो. त्वचा बोटांनी बाजूला धरून पहिली धार सोडून द्या, मधली धार थेट लॅबच्या निर्जंतुक डबीत, १०-२० मिली पुरे. झाकणाला आतून हात नको. घरची धुतलेली बाटली तर नकोच.
खरी गडबड पुढे होते. सॅम्पल २ तासांत लॅबला पोचायला हवं. उबेत ई. कोलाय वीसेक मिनिटांतही दुप्पट होतात. सकाळी ७ ला घरून नेलेली डबी सिंहगड रोडच्या गर्दीत अकरापर्यंत पिशवीतच फिरली, तर थोडेसे जंतूही लाखावर दिसतात. उशीर होणार असेल तर लगेच फ्रिजमध्ये ४ अंशांला ठेवा, २४ तास चालतं. फ्रीझरमध्ये नको.

ए-४०१ (फार्मासिस्ट): काकू, गोळीचं नाव?

सी-५०४: नायट्रोफ्युरांटॉइन १००, दोनदा.

ए-४०१: जेवणासोबत द्या, मळमळ कमी होते. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका. जी-सिक्स-पी-डी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) ची कमतरता असेल तर ही गोळी चालत नाही, डॉक्टरांना आधीच सांगा. बाळंतपण जवळ आल्यावरही ही टाळतात. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनची स्ट्रिप गरोदरपणात मनाने देऊ नका. लघवीची जळजळ थांबवणारं गुलाबी सिरप जंतू मारत नाही.

ए-२०३: आणि चौथ्या दिवशी थांबवायचं नाही. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करायचं, कारण जंतू परत येतात आणि तेव्हाही मुकेच असतात. वहिनीच्या रिपोर्टात ग्रुप बी स्ट्रेप नावाचा जंतू निघाला, तर आकडा कितीही लहान असो, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. बाळाला लागण होऊ नये म्हणून कळा सुरू झाल्यावर शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं.

सी-५०४: बरं, आजपासूनच सुरू करते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगीही गरोदर आहे. तिला कुठे पाठवू?

ए-२०३: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथे पाठवा. लघवीचं कल्चर होतं का, हे तिला स्वतःहून विचारायला सांगा. होत नसेल तर मला मेसेज करा, चिठ्ठी लिहून देते.