मदत हवी आहे: बर्गनहून फ्लोमला कसं जावं? (सोबत आई-बाबा, आईला गाडी लागते)

नमस्कार मंडळी,
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं नॉर्वेला जातोय, मी, नवरा आणि माझे आई-बाबा. व्हिसा झालाय, विमानाची तिकिटं झालीयेत, बर्गनला तीन रात्री हॉटेल बुक केलंय. अडलंय ते बर्गनहून फ्लोमला कसं जायचं इथे. गेले पंधरा दिवस रोज रात्री लॅपटॉप उघडून बसते आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो.

बाबा ७४ वर्षांचे, रेल्वेत गार्ड होते, उभी नोकरी कसारा-इगतपुरी घाटात मालगाड्यांवर गेली. फ्लोमची ती डोंगर उतरणारी रेल्वे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचली होती तेव्हापासून डोक्यात आहे, खरं सांगायचं तर ही अख्खी ट्रिप त्या एका गाडीसाठी आहे. आई ७१ ची, गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत आणि तिला गाडी लागते. एसटी लागते, कार लागते, दोन वर्षांपूर्वी मांडव्याच्या लाँचमध्ये तर एवढी उलटी झाली की उतरल्यावर अर्धा तास जेट्टीवरच बसून होतो. तेव्हापासून बोट म्हटलं की ती "मी हॉटेलवर थांबते, तुम्ही जाऊन या" म्हणते. एवढ्या लांब नेऊन तिला हॉटेलवर ठेवायचं माझ्या जिवावर येतं.

आत्तापर्यंत मला कळलेले मार्ग असे. बर्गन ते मिर्डाल मोठी ट्रेन आणि तिथून खाली छोटी ट्रेन. दुसरं म्हणजे बर्गनच्या बंदरातून थेट फ्लोमपर्यंत जाणारी फास्ट बोट, पाच साडेपाच तास. तिसरं थेट बस, तीनेक तास. आणि चौथं कार भाड्याने घेऊन, नवरा म्हणतो १६५-१७० किलोमीटर तर आहे, चालवीन मी. शिवाय ट्रेन-बस-बोट सगळं एकत्र करून एका दिवसात फिरवून आणणारं ते प्रसिद्ध पॅकेज आहेच, पण सकाळी निघून रात्री परत, आईला झेपेल असं वाटत नाही.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, बोटीत खरंच किती हलतं? आणि फ्लोमला रात्र काढावी की त्याच दिवशी परत यावं?

फलाटावरचा
बाबांसाठी आधी लिहितो कारण मीपण रेल्वेवेडा आहे, ते कसाऱ्याचे गार्ड म्हटल्यावर राहवलं नाही. थळ घाटात, म्हणजे कसाऱ्याच्या घाटात, चढ ३७ ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), बरोबर? फ्लोमला १८ ला १ आहे, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त खडा, आणि तो काही थोडा तुकडा नाही, वीस किलोमीटरच्या लाईनीपैकी जवळजवळ ऐंशी टक्के भाग असाच. दातेरी रूळ नाहीत, साधे रूळ, साधी चाकं. मिर्डाल स्टेशन ८६६ मीटरवर आणि फ्लोम अगदी समुद्रालगत, २ मीटरवर. वीस बोगदे आहेत, त्यातले अठरा हाताने खोदलेत. काम १९२० च्या दशकात सुरू झालं, १९४० ला गाडी चालू झाली आणि १९४४ ला वीज आली. खाली उतरताना ताशी ३० पेक्षा जास्त पळवत नाहीत, चढताना ४०. का ते बाबांना सांगायला नको.

मध्ये क्योसफॉसेन नावाचा धबधबा लागतो, तिथे गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे उतरून फलाटावर जातात, पाण्याचे तुषार थेट अंगावर येतात त्यामुळे आईंना रेनकोट घालूनच उतरवा, फलाट ओला असतो, हात धरा. याच धबधब्याच्या पाण्यावर वीज तयार करून लाईनचं विद्युतीकरण केलं होतं. थोडं पुढे गाडी डोंगराच्या पोटातच वळसा घेऊन उलट्या दिशेने बाहेर येते, खिडकीतून खाली बघितलं की आपल्याच लाईनीचा पुढचा टप्पा दिसतो.

पाऊसवेडी
मी बर्गनला सहा वर्षं राहतेय, सासू-सासरे, आई-बाबा, मावशी सगळ्यांना फ्लोमला नेऊन आणलंय त्यामुळे अनुभवाने लिहिते.

जाताना ट्रेननेच जा, यात दुसरा विचार नको. बर्गन स्टेशन शहरातच आहे. गाडीत बसल्यावर डावीकडच्या खिडक्या पकडा, सुटल्या सुटल्या साडेसात किलोमीटरचा बोगदा लागतो आणि त्यातून बाहेर पडलं की वॉस गावाच्या दिशेने बराच वेळ फ्योर्डचं (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीचं) पाणी डावीकडेच असतं. मिर्डालला साधारण दोन तासांत पोचता. तिथे गाव नाही, गाडीरस्ता नाही, नुसतं स्टेशन, एक कॅफे आणि भोवती डोंगर. जूनमध्येही बर्फाचे पट्टे असतात, गार वारा लागतो, म्हणून स्वेटर बॅगेत तळाशी नको, हातात ठेवा. फ्लोमची गाडी तिथेच जवळ उभी असते, पूल चढून उतरायची भानगड नाही. तिथून खाली तासाभरात. माझ्या मावशीलाही गाडी लागते, तिला या ट्रेनमध्ये काहीही झालं नाही कारण गाडी इतकी हळू जाते.

दोन्ही तिकिटं आत्ताच काढा. फ्लोमच्या ट्रेनची जून-जुलैची तिकिटं संपतात, आयत्या वेळी जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. मोठ्या ट्रेनचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, ६७ वर्षांवरच्यांना सवलत असते, तिकीट काढताना 'होन्योर' असा पर्याय दिसेल तो निवडा. आणि एक महत्त्वाचं, उन्हाळ्यात इथे रुळांची कामं काढतात, काही दिवस मधल्या टप्प्यात ट्रेनऐवजी बस देतात. तुमच्या तारखेला तसं काही आहे का ते तिकीट काढायच्या आधी बघा, नाहीतर आईंना नेमकी बसच मिळायची.

धागाकर्ती
खूप खूप आभार! बाबांना १८ ला १ वाचून दाखवलं, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "मागे बँकर लावतात का विचार." त्यांचं असं की कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे आणि गार्डचा डबा त्यांना चिकटूनच, त्यामुळे इगतपुरी येईपर्यंत तो आवाज आणि धक्के पाठीशी घेऊनच ते बसायचे. अजूनही झोपेत गाडीचा आवाज आला तर कूस न बदलता सांगतात चढाला लागलीय की उताराला.

बोटीचं कोणी सांगेल का? आणि कारचं?

फलाटावरचा
बाबांना सांगा, दोन्ही टोकांना इंजिन असतं. एक पुढे, एक मागे. शेवटच्या डब्यात बसले तर पाठीशी इंजिन मिळेल त्यांना :)

वळणवाट
आम्ही मागच्या वर्षी कारने गेलो होतो. रस्ता उत्तम आहे, बर्गनहून वॉस, गुडवांगेन करत पावणेतीन-तीन तासांत फ्लोम. आपल्याकडच्या घाटासारखी वळणंच वळणं नाहीत, बरचसं अंतर बोगद्यातून जातं, गुडवांगेननंतरचा एक बोगदाच ११ किलोमीटरचा आहे. पण तेच मला खटकलं. एवढ्या सुंदर भागात आलो आणि शेवटची वीस मिनिटं पिवळ्या दिव्यांकडे बघत काढली, डोंगराच्या पलीकडे जगातला एक सगळ्यात देखणा फ्योर्ड आहे आणि आपण डोंगराच्या आत. बसही त्याच रस्त्याने जाते म्हणजे तिचंही तेच. कार हवी असेल तर फ्लोमहून पुढे जायचं असेल तरच घ्या, उदाहरणार्थ आउरलांडवरून लार्डालला, तिथे साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा आहे, रस्त्याचा जगातला सगळ्यात लांब. नवऱ्याला उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसेल तर म्हाताऱ्या माणसांना मागे बसवून पहिलाच प्रयोग तिथे नको असं माझं स्पष्ट मत.

पाऊसवेडी
बोटीचं सांगते, नीट वाचा कारण दोन वेगळ्या बोटी आहेत आणि सगळे त्यात गल्लत करतात.

एक, बर्गन ते फ्लोम फास्ट बोट. ही सकाळी शहरातल्या धक्क्यावरून निघते आणि फ्लोमपर्यंत फक्त उन्हाळ्यात जाते. आधी किनाऱ्याने बेटाबेटांमधून उत्तरेला, मग सोग्नेफ्योर्डमध्ये आत. सोग्नेफ्योर्ड म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर लांब, आत कुठे कुठे तेराशे मीटर खोल. मला स्वतःला हा प्रवास फार आवडतो, बालेस्ट्रांड वगैरे गावं लागतात, किनाऱ्यापासून आत आत जाताना डोंगर कसे उंच होत जातात ते कळतं. पण किनाऱ्याच्या पट्ट्यात मध्ये मध्ये उघडा समुद्र लागतो, वारा असला की हलते, आणि पाच साडेपाच तास म्हणजे त्रास झाला तर मध्येच एखाद्या गावी उतरून अडकून पडायचं. मांडव्याचा अनुभव असलेल्या आईंना यात बसवू नका.

दुसरी बोट म्हणजे फ्लोम ते गुडवांगेन. ही पूर्ण वेगळी. पूर्ण आत, समुद्रापासून शंभर किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना हजार-दीड हजार मीटरचे कडे, पाणी तळ्यासारखं शांत. दोन तास लागतात. मोठी प्रशस्त बोट असते, हल्ली विजेवर चालणाऱ्या आहेत त्यामुळे डिझेलचा वास नाही, इंजिनाची थरथर नाही, आणि बऱ्याच जणांना हलण्यापेक्षा त्या वासानेच मळमळतं ना. वरच्या डेकवर जायला जिना न चढता उताराचा रस्ता केलाय, वळणावळणाने चालत जाता येतं, गुडघ्यांना बरं. रस्त्याने हेच अंतर वीस किलोमीटर आहे, बोटीने दोन तास का, तर आधी आउरलांड फ्योर्डमधून बाहेर जायचं आणि मग वळून नेरॉयफ्योर्डमध्ये आत शिरायचं. ते वळण यायच्या आधी आईंना बाहेर आणून बसवा. फ्योर्ड एकदम अरुंद होतो, एके ठिकाणी फक्त २५० मीटर, कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा खाली येत असतात, जूनमध्ये वरचा बर्फ वितळतो म्हणून सगळे धबधबे भरलेले असतात. हा २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या दिवशी ट्रेनने फ्लोम, रात्र तिथेच, दुसऱ्या दिवशी या बोटीने गुडवांगेन, तिथून बसने वॉस आणि वॉसहून ट्रेनने बर्गन. बस तासाभराचीच आहे, आईंना पुढची सीट आणि आधी गोळी द्या. एकही तुकडा दोनदा बघावा लागत नाही, फक्त वॉस-बर्गन सोडून, आणि तो दोनदा बघावा असाच आहे.

धागाकर्ती
हे वाचून पहिल्यांदाच सगळं डोळ्यासमोर आलं. आईला तळ्यासारखं पाणी हे तीन वेळा वाचून दाखवलं. आधी गप्प होती, मग विचारलं की "मधे उतरता येतं का?" म्हणजे पूर्ण नाही म्हणाली नाही!

रात्रीचं अजून सांगा ना, राहण्याचा खर्च बराच दिसतोय, वर्थ आहे का? आणि जेवणाचं कसं, आई-बाबा शाकाहारी आहेत.

वळणवाट
राहाच. फ्लोम एवढंसं गाव, जेमतेम चारशे वस्ती, आणि दुपारी क्रूझची जहाजं लागली की हजारो माणसं उतरतात, स्टेशनच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. मला दुपारी वाटलं कुठे आलो आपण. संध्याकाळी जहाजं गेली आणि तेच गाव पूर्ण बदललं. धक्क्यावर बाकं आहेत, तिथे आम्ही साडेदहापर्यंत बसलो होतो, उजेड होता, समोरच्या उतारावरच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. म्हाताऱ्या माणसांना याहून जास्त काय हवं. संध्याकाळी किंवा सकाळी स्टेगास्टाइनला जाऊन या, आउरलांडच्या वर ६५० मीटरवर लाकडी सज्जा थेट दरीत काढलाय. मात्र तो रस्ता खरंच घाटाचा आहे, अरुंद, तीव्र वळणांचा, तिथे आईंना न्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

पाऊसवेडी
जेवणाचं: किटली असलेली खोली बघा, शक्यतो छोटं किचन असलेली. मेतकूट, पोहे, उपम्याचं पीठ, थेपले बिनधास्त आणा. पण तूप, पेढे, खवा, चीज असं दुधाचं काहीही युरोपाबाहेरून आणायला परवानगी नाही, मांसाचंही तेच, कस्टमला काढून घेतात. माझ्या आईचं साजूक तूप असंच गेलं, तिला अजून हळहळ आहे. दही, दूध, ब्रेड, फळं इथे सगळं मिळतं, फ्लोमला सुपरमार्केट आहे पण बर्गनलाच भरून घ्या, रविवारी बहुतेक दुकानं बंद. आणि तपकिरी रंगाचं चीज नक्की खायला द्या, चीज बनवल्यावर उरलेलं पाणी आटवून आटवून करतात, गोडसर खारट, आपल्या खव्याच्या जवळ जाणारी चव. फ्योर्डवर उंड्रेडाल नावाचं शेळ्यांचं गाव आहे ते याच चीजसाठी नावाजलेलं, बोटीतून दिसतं.

छत्री नको, वाऱ्याने उलटी होते. चौघांना चांगले रेनकोट. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मुंबईसारखा चार महिन्यांत उरकत नाही.

धागाकर्ती
अपडेट देते. काल रात्री चौघं बसून तिकिटं काढली. मंगळवारी सकाळची ट्रेन, फ्लोमला एक रात्र, बुधवारी दुपारची गुडवांगेन बोट. रुळांचं काम तपासलं, आमच्या तारखेला नाहीये. कारचा विषय नवऱ्याने स्वतःच सोडला. आई बोटीला हो म्हणाली, अट एकच, आवळासुपारीची डबी तिच्या हातात आणि मी शेजारी.

बाबांनी माळ्यावरून जुनी शिट्टी आणि हिरवा-लाल झेंडा असलेली पिशवी काढून ठेवलीय, नेऊ का विचारतायत. न्या म्हटलं, फक्त झेंडा फलाटावर उघडायचा नाही. त्यांचा एक प्रश्न राहिलाय तो विचारते, आपल्याकडे लाईनीच्या कडेला चढाचा आकडा लिहिलेली पाटी असते, तशी तिकडे आहे का आणि असली तर कुठल्या बाजूला, म्हणजे त्या खिडकीशी बसता येईल?